भाडेकरूला मत का नाही? : राष्ट्र, नागरिकत्व आणि माणसाचे हक्क

कावेरी_कर्वेनगर

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. ३० सप्टेंबरच्या आत उरकायची म्हणून नेहमीप्रमाणे घाईघाईत, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. टँकरच्या बिलावर तासभर वाद झाला. मग मागच्या रांगेतून एक मुलगा उठला. आमच्याच वरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो, अफगाणिस्तानातून शिकायला आलाय. हिंदीत म्हणाला, गच्चीच्या दाराला कायम कुलूप असतं, खाली आग लागली तर वर कसं जायचं? सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही सभासद नाही, बसा." तो बसला. मुद्दा बरोबर होता, पण मुद्दा कोणाचा हे आधी बघायची आपली रीत.

संध्याकाळी तो पासपोर्ट घेऊन खाली आला. परदेशी माणसाला घर दिलं की घरमालकाला ऑनलाइन सी फॉर्म भरावा लागतो, त्यात एक दुरुस्ती होती. पासपोर्टचे कोपरे मऊ पडलेले, मुदतवाढीचं स्टिकर एका बाजूनं सुटत आलेलं, त्यावर त्यानं चिकटपट्टी लावलेली. ज्या प्रजासत्ताकाच्या नावानं तो छापलाय ते १५ ऑगस्ट २०२१ला संपलं. त्या सकाळी आम्ही इथे झेंडावंदन करून जिलेबी खात होतो. दिल्लीतला त्यांचा जुना दूतावासही नोव्हेंबर २०२३मध्ये बंद झाला. फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात देशांची यादी उघडते, त्यात अफगाणिस्तान आहे. निवडलं आणि पुढे गेलो. फॉर्मचं काही अडलं नाही.

माझं मात्र तेव्हापासून अडलंय. बँकेतून निवृत्त झालेय, राज्यशास्त्र बी.ए.ला होतं तेवढंच. पण प्रश्न असा की, माणसाला हक्क मिळतात ते माणूस म्हणून, की कुठल्यातरी राष्ट्राचा सभासद म्हणून? राष्ट्रच गेलं तर हक्क कुठे जातात? आणि लोकशाही तरी राष्ट्राच्या कुंपणाबाहेर कुठे जगते का? जाणकारांनी लिहावं. राजकीय पक्षांची धुणी कृपया इथे धुऊ नयेत.

टवाळखोर

आमच्या सोसायटीत सभासदांनाही बोलू देत नाहीत. समानता यालाच म्हणतात.

भोलानाथ७७

ताई, उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. राष्ट्र गेलं, हक्क गेले. विषय संपला.

थोडं सविस्तर लिहितो, नाहीतर लोक म्हणतील अंगावर येतो. १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. ४८ मतं बाजूनं, विरोधात शून्य, ८ तटस्थ. आता मतं कोणी दिली? राष्ट्रांनीच ना? त्यातलं कलम १५ काय म्हणतं? प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. म्हणजे जगभरच्या शहाण्यांनी बसून मानवी हक्कांची यादी केली तेव्हा त्यांनाही कळत होतं की राष्ट्रीयत्व नसेल तर बाकीची यादी लोणच्याला घालायची.

आणि हे पुस्तकी नाही. हाना आरेंट ही जर्मन ज्यू बाई नाझींच्या काळात पळाली आणि १९५१मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मिळेपर्यंत तिला देशच नव्हता. तिनं स्वतःच्या अनुभवातून लिहिलं की सगळ्या हक्कांच्या आधी एक हक्क लागतो, हक्क असण्याचा हक्क. ज्याच्याकडे माणूसपणाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, त्याच्या माणूसपणाला जगात कोणी विचारलं नाही. ती काही आमच्या शाखेत येत नव्हती. तरी तिला हे कळलं.

वकिली_नको

भोलानाथ, आरेंटबाईंचा मुद्दा बरोबर मांडलात. पण आपल्या घटनेपुरतं बोलायचं तर चित्र निराळं आहे.

मूलभूत हक्कांचं प्रकरण उघडा आणि दोन शब्दांवर पेन्सिलीनं खुणा करत जा : 'नागरिक' आणि 'व्यक्ती'. कलम १९, म्हणजे भाषण, संघटना, संचार वगैरे, फक्त नागरिकांना. कलम १५, १६ नागरिकांना. पण कलम १४, कायद्यापुढे समानता, कोणत्याही व्यक्तीला. कलम २१, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, कोणत्याही व्यक्तीला. तो शब्द चुकून पडलेला नाही.

१९९६मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग अरुणाचल सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. चकमा निर्वासितांना तिथून हुसकावून लावायच्या धमक्या चालल्या होत्या. न्यायालयानं राज्याला सांगितलं की नागरिक असोत वा नसोत, त्यांच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे. २०००मध्ये रेल्वे बोर्ड विरुद्ध चंद्रिमा दास हा खटला. बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीवर रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी अत्याचार केला. सरकारतर्फे युक्तिवाद झाला की ती परदेशी, आम्ही तिला देणं लागत नाही. न्यायालय म्हणालं, लागता. दहा लाख रुपये भरपाई.

म्हणजे तुमचा भाडेकरू, कावेरीताई, भारतीय घटनेपुढे 'व्यक्ती' आहे. सोसायटीच्या सभेत नाही, पण त्याला इलाज नाही. सहकार कायद्यात फार तर त्याला नाममात्र सभासद करून घेता येतं, आणि नाममात्र सभासदाला मत नसतं.

भोलानाथ७७

पण भरपाई दिली कोणी? भारतीय राज्यानं. आदेश कोणी दिला? भारतीय न्यायालयानं. परदेशी बाईला न्याय मिळाला तो इथे धड चालणारं राष्ट्र होतं म्हणून. माझाच मुद्दा सिद्ध होतोय, वकीलसाहेब.

वकिली_नको

राज्य होतं म्हणून. 'राष्ट्र' आणि 'राज्य' ह्यांची तुम्ही एकच भाजी करताय. न्यायालय, पोलीस, तिजोरी ही राज्याची यंत्रणा. 'आपण सगळे एक' ही भावना म्हणजे राष्ट्र. त्या बाईला न्याय मिळाला तो यंत्रणेमुळे, भावनेमुळे नव्हे. भावना तिच्या बाजूची नव्हतीच.

निळीशाई

मी ह्याच धाग्यावर बोट ठेवणार होते. राष्ट्र आणि राज्य वेगळं काढल्याशिवाय ही चर्चा पुढे जात नाही, आणि पुण्यात बसून तर नाहीच.

जोतीराव फुल्यांनी राष्ट्राला शब्द वापरला 'एकमय लोक'. त्यांचं म्हणणं सरळ होतं : जातीजातींत वाटलेले, एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारे लोक एकमय झालेलेच नाहीत, मग नॅशनल काँग्रेस कसली? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत तेच वेगळ्या शब्दांत विचारलं, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील. ज्या घटनेवर दुसऱ्या दिवशी मोहोर उठायची होती, तिचा मसुदा करणारा माणूस राष्ट्र अजून व्हायचंय म्हणतोय. म्हणजे आपल्याकडे हक्क आधी लिहिले गेले, राष्ट्र मागून यायचं होतं. आलंय का, ते ज्यानं त्यानं आपापल्या गल्लीत बघावं.

महाडचंच घ्या. १९२३मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला. तळ्याशी जायची हिंमत कोणाची नव्हती. २० मार्च १९२७ला बाबासाहेब गेले, पाणी प्यायले, आणि मग डोकी फुटली. उच्च न्यायालयाचा निकाल बाजूनं लागला तो १९३७मध्ये. ह्यात राष्ट्र कुठे आहे? परक्याचं राज्य होतं. आड आले ते आपलेच गावकरी. आणि हक्क ज्यांनी घेतला त्यांनी तो तळ्यात उतरून घेतला.

जुना_बाजार

निळीशाई, मस्त. पुण्यात बसून म्हणालात म्हणून आठवलं. ही चर्चा ह्या शहरात एकदा होऊन गेलेली आहे, १८९१मध्ये. संमतिवयाचा कायदा. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेणारा. फक्त बारा!

टिळकांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं की आमच्या घरातल्या सुधारणा आम्ही करू, परक्या सरकारनं आमच्या समाजात कायद्यानं हात घालू नये. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूनं. म्हणजे एका बाजूला राष्ट्राची स्वायत्तता, दुसऱ्या बाजूला दहा वर्षांच्या मुलीचं शरीर. कायदा झाला, आणि परक्या सरकारनंच केला.

मी टिळकभक्त घरातला. आजोबांच्या फोटोशेजारी लोकमान्यांचा फोटो होता. पण ह्या एका बाबतीत म्हाताऱ्या आगरकरांचं खरं होतं असं मला चाळिशीनंतर वाटायला लागलं. (म्हातारे कसले, एकोणचाळिसाव्या वर्षी गेले ते.)

भोलानाथ७७

मग इंग्रज राहायला हवे होते असं म्हणायचंय का? त्याच इंग्रजांनी १८७१मध्ये अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. परक्या राज्याला हक्कांची काळजी असते हा तुमचा भ्रम आहे. परक्याला जाब विचारता येत नाही, मुद्दा तो आहे. आगरकरांना कायदा हवा होता तो मिळाला. उद्या इंग्रजांनी नको तो कायदा केला असता तर कुठे गेला असता? आणि केलाच की, रौलट.

जुना_बाजार

हे मान्य. बिनशर्त मान्य. जाब विचारता येणं, हाच खिळा.

सातारी_कंदी

औंधचं कोणी लिहीलच म्हणून वाट बघत होतो. नाही लिहिलं. पुणेकरांना औंध म्हटलं की परिहार चौक दिसतो, ह्यात तुमचा दोष नाही.

मी म्हणतोय ते साताऱ्याकडचं औंध संस्थान. सत्तर-पंचाहत्तर गावांचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले. १९३९मध्ये त्यांनी आपण होऊन राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. घटनेच्या मसुद्यावर गांधीजींनी चर्चा केली, राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत त्यात होते, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू अभियंता, ज्याला पुढे भारतानंद म्हणू लागले. गावोगाव पंचायती, पंचायतींवर तालुका, तालुक्यांवर संस्थानचं मंडळ. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, बिनभिंतींचा तुरुंग. कैदी बायकापोरांसह राहायचे आणि शेती करायचे. आजही आहे. त्यावरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' आपण सगळ्यांनी पाहिलाय.

आता बघा : औंध राष्ट्र नव्हतं. सार्वभौमही नव्हतं, वर इंग्रज बसलेला. तरी लोकशाही चालली. आमचे आजोबा त्या काळातल्या पंचायतीत पंच होते. त्यांच्याकडून ऐकलेलं असं की पहिल्या सभेत लोक बोलेचनात, राजासाहेब स्वतः घोंगडीवर बसले तरी. तिसऱ्या-चौथ्या सभेत विहिरीवरून भांडण लागलं आणि मग सभा सुरू झाली.

८ मार्च १९४८ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्या घटनेचाही शेवट झाला. म्हणजे राष्ट्र आलं आणि ती लोकशाही गेली. हे थोडं चिडवायला लिहितोय, पण खोटं नाही.

निळीशाई

कंदीभाऊ, आदर आहे, पण त्या विहिरीवर कोण कोण पाणी भरत होतं ते आजोबांनी सांगितलं का?

चिडवायला नाही विचारत. गावपंचायतीचं गोड चित्र काढलं की आमच्या घरात लोक गप्प होतात. ४ नोव्हेंबर १९४८ला बाबासाहेबांनी घटना समितीत गावाला स्थानिकपणाचं डबकं म्हटलं, अज्ञानाची गुहा म्हटलं. लोकांना ते लागलं. पण ज्याला गावकुसाबाहेर राहावं लागलं त्याला गावापासून वाचवायला कोणीतरी दूरचं लागतं, जे गावातल्या पाटलाच्या पंगतीला बसत नाही. आमच्यासाठी ते दूरचं म्हणजे दिल्लीतलं राज्य आणि त्याची घटना. त्यामुळे 'राष्ट्र-राज्य नको, लहान समूह हवेत' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. समूह जितका लहान तितकी शेजाऱ्याची नजर जवळ.

सातारी_कंदी

नाही सांगितलं. मीही कधी विचारलं नाही.

आता विचारायला कोणी उरलं नाही. कागद शोधतो, सापडलं तर इथेच लिहीन.

म्युनिकचा_मोरे

इकडून थोडं. मी अकरा वर्षं जर्मनीत आहे. कर भरतो, मुलगी इथल्या शाळेत जाते, आणि गावाच्या निवडणुकीतही मला मत नाही. माझ्या शेजारी ग्रीसचा माणूस राहतो, तो दोन वर्षांपूर्वी आला. तो युरोपियन संघातला म्हणून त्याला गावच्या निवडणुकीत मत आहे. आम्ही दोघं एकाच दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतो.

१९८९च्या सुमारास इथल्या एकदोन राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मत द्यायचा कायदा केला होता. १९९०मध्ये घटना न्यायालयानं तो मोडून काढला. कारण काय, तर राज्याची सत्ता 'लोकां'पासून येते आणि लोक म्हणजे जर्मन लोक. कावेरीताईंचे सेक्रेटरीही हेच म्हणाले, फक्त लाल झगा न घालता.

पण हा काही निसर्गनियम नाही. न्यूझीलंडमध्ये १९७५पासून कायमच्या रहिवाशांना राष्ट्रीय निवडणुकीतही मत आहे, नागरिक नसले तरी. देश बुडाला नाही.

दुसरं, स्ट्रासबर्गचं युरोपियन मानवी हक्क न्यायालय. १९५९पासून आहे. नागरिक असो नसो, सदस्य देशाच्या अखत्यारीत असलेल्या कोणालाही तिथे देशाविरुद्ध दाद मागता येते. राष्ट्राच्या डोक्यावर बसलेलं न्यायालय! पण त्याच्याकडे शिपाई नाही. २००५मध्ये त्यानं ब्रिटनला सांगितलं की सरसकट सगळ्या कैद्यांचं मत काढून घेणं चूक आहे. ब्रिटननं बारा वर्षं नुसती टोलवाटोलवी केली. आणि रशियाला २०२२मध्ये युरोपच्या परिषदेतून (हे न्यायालय तिचंच) काढलं, तेव्हा तिथल्या लोकांचा हा दरवाजाही पुढच्या तक्रारींना बंद झाला. शिक्षा सरकारला, दार बंद माणसाचं.

टवाळखोर

मोरे, तुम्ही जर्मन नागरिकत्व का घेत नाही? तिकडे आता दोन्ही ठेवता येतात म्हणे.

म्युनिकचा_मोरे

जर्मनी ठेवू देते, २०२४पासून. भारत देत नाही. घेतलं की इकडचा पासपोर्ट जमा करायचा. फॉर्म भरून कपाटात ठेवलाय. आई असेपर्यंत सही करवत नाही. हे तर्काचं नाही, कळतंय.

भोलानाथ७७

मोरे, ह्या एका प्रतिसादासाठी तुम्हाला नमस्कार. हेच मी म्हणतो ते राष्ट्र. वकीलसाहेब त्याला भावना म्हणून बाजूला काढतात.

पालावरून

बरेच दिवस नुसती वाचते. आज लिहिते.

वर भोलानाथांनी १८७१चा कायदा आणला. तो कायदा स्वातंत्र्याबरोबर गेला नाही. गेला ३१ ऑगस्ट १९५२ला. त्यामुळे विमुक्त समाजातली माणसं तो दिवस आपला स्वातंत्र्यदिन म्हणून पाळतात. राष्ट्र स्वतंत्र झालं, घटना लागू झाली, आणि तरी काही माणसं हजेरी द्यायला सेटलमेंटच्या तारेआडच होती. पाच वर्षं सोळा दिवस.

मी पुण्याच्या कडेनं पालांवर मुलांच्या शाळेचं काम करते. गेल्या महिन्यातली गोष्ट. एका पारधी बाईच्या मुलीला शाळेत घालायचं होतं. शाळेनं नाव घेतलं, कायद्यानं घ्यावंच लागतं. पण जातीचा दाखला हवा, त्याला जुना महसुली पुरावा हवा. आजोबांचा जन्म कुठे झाला? बाई म्हणाली, चिंचेखाली. कुठल्या चिंचेखाली? ती हसायला लागली, मीही हसले, कारकून नाही हसला. रेशनकार्ड पाल उठवलं तेव्हा पावसात गेलं. आधार आहे, पण त्यावर जन्मतारीख १ जानेवारी. त्या पालावर सगळ्यांचीच १ जानेवारी आहे.

ही बाई भारताची नागरिक आहे. तिच्या सात पिढ्या इथल्याच. कावेरीताईंच्या भाडेकरूकडे निदान मोडक्या देशाचा पासपोर्ट तरी आहे, सी फॉर्म आहे, कॉलेजचं ओळखपत्र आहे. राज्याला तो दिसतो. ही दिसत नाही. दिसते ती फक्त जवळपास चोरी झाली की.

त्यामुळे 'राष्ट्र असेल तर हक्क' हे मला अर्धंच वाटतं. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ला, हो पुन्हा ३१ ऑगस्ट, नागरिक नोंदणीची शेवटची यादी आली आणि १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. तेव्हा मी आमच्या पालाकडे बघून मनात मोजणी केली, की इथे अशी यादी आली तर किती जण आत बसतील. मोजून झाल्यावर त्या रात्री जेवण गेलं नाही.

कावेरी_कर्वेनगर

पालावरून, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

माझा प्रश्नच चुकला होता की काय असं वाटायला लागलंय. मी विचारत होते, राष्ट्र नसलेल्याचं काय? तुम्ही म्हणताय, राष्ट्र असलेल्याचंही तेच.

वकिली_नको

प्रश्न चुकला नाही. पालावरून ह्यांनी सांगितलेल्या बाईकडे हक्क आहेत, पण ते दाखवायचं साधन नाही. भाडेकरूकडे साधन आहे, पण त्यामागचं राज्य नाही. दोघांचंही अडतं ते एकाच ठिकाणी, खिडकीशी.

आणि जाब विचारण्यावर जुना_बाजार आणि भोलानाथ ह्यांचं एकमत झालं (नोंद करून ठेवा, परत होणार नाही), त्याला जोडून. एप्रिल १९७६. आणीबाणी. येरवड्यात राजबंदी कोंबलेले, संघाचे आणि समाजवादी शेजारी शेजारी. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न : कलम २१ स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात येता येतं का? मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांच्या बाजूनं कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एकनं सांगितलं, येता येत नाही. चारांतले एक न्या. यशवंतराव चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले, आपल्याच लॉ कॉलेजात शिकलेले. एकटे न्या. खन्ना म्हणाले, जगण्याचा हक्क घटनेनं दिलेला नाही, तो आधीपासूनचा आहे. घटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव घेता येत नव्हता.

पुढे ४४व्या दुरुस्तीनं कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं केलं. आणि २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं १९७६चा निकाल चूक होता म्हणून पुसून टाकला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्या. धनंजय चंद्रचूडांनी. मुलानं वडिलांचा निकाल फिरवला.

१९७६मध्ये राष्ट्र जागेवर होतं. सैन्य, झेंडा, संसद सगळं जागेवर. हक्क नव्हते. म्हणून राष्ट्र असणं पुरत नाही. पण सुधारणा झाली तीही ह्याच राज्यात, ह्याच कोर्टात, कारण १९७७ला लोकांना मत देता आलं. म्हणून राज्य लागतंच. माझं एवढंच मत आहे आणि ते फी न घेता देतोय.

भोलानाथ७७

माझे काका त्या वेळी येरवड्यात होते. एकोणीस महिने. शेजारच्या बराकीत सेवादलाचे लोक. सांगायचे, संध्याकाळी दोघांची गाणी एकमेकांवर आदळायची. खन्नांचं नाव घरात देवासारखं घेतलं जायचं. ते म्हणाले ते राष्ट्राच्या वरचं काही म्हणाले, असा विचार मी केला नव्हता. करतो.

जुना_बाजार

लोकशाहीबद्दल कोणी बोलेना, सगळे हक्कांवर. १४ मार्च २०२२ला पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं नगरसेवकाविना प्रशासक कारभार करत होता. घटनेचं कलम २४३-यू म्हणतं मुदत संपायच्या आत निवडणूक पुरी करा. राष्ट्र आहे, राज्य आहे, घटना आहे, कलम आहे. नगरसेवक तेवढे नव्हते. आमच्या पेठेत तेव्हा ड्रेनेज तुंबलं की अर्ज कोणाला द्यायचा ह्यावर मोठमोठ्या माणसांची खलबतं चालायची.

ह्याच्या उलट तिबेटी लोक बघा. १९६०पासून परागंदा संसद निवडतात. २०११मध्ये दलाई लामांनी आपला राजकीय अधिकार सोडून निवडून आलेल्या प्रमुखाकडे दिला. २०२१मध्येही निवडणूक झाली, अनेक देशांत विखुरलेल्यांनी मतं दिली. ना भूमी, ना सैन्य, ना पोलीस. लोकशाही आहे! हिवाळ्यात स्वेटर विकायला बसलेल्या बाईनं पेनपा त्सेरिंगना (तेव्हा निवडून आलेले प्रमुख) मत दिलं होतं की दुसऱ्या कोणाला, हे मी तिला विचारलं होतं. तिनं सांगितलं नाही. गुप्त मतदान म्हणाली.

भोलानाथ७७

ती निवडणूक होते ती भारतानं जागा दिली म्हणून. आणि त्यांचा प्रमुख कोणाला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

जुना_बाजार

दोन्ही खरं. पण तिकडे तिबेटात, ल्हासात, राज्याची सगळी यंत्रणा आहे आणि तिथल्या लोकांकडे मत नाही, हेही खरं.

सातारी_कंदी

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. औंधचा तो फ्रीडमन पुढे भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांसाठी राबला. राष्ट्र नसलेल्यांची कामं करायची त्या माणसाला सवयच असावी.

निळीशाई

अवांतर नाही. आणि १९४८च्या जाहीरनाम्याबद्दल एक राहिलं. भोलानाथ म्हणाले, राष्ट्रांनी मतं दिली. दिली. पण पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' अशा अर्थाचा शब्द होता तो बदलून 'सगळी माणसं' करायला लावला भारताच्या हंसाबेन मेहतांनी. त्या राष्ट्राच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या, हे तुमचं. पण शब्द बदलला तो भारतीय बाईपुरता नाही.

भोलानाथ७७

हे माहीत नव्हतं. राष्ट्रानं पाठवलेल्या बाईनं जगाचं काम केलं. माझा मुद्दा आणि तुमचा मुद्दा एकाच वाक्यात बसतोय, वैताग आहे.

पालावरून

त्या मुलीच्या दाखल्यासाठी कोणी वकील मदत करेल का? शनिवारी सकाळी चालेल. पैसे नाहीत, चहा आहे.

वकिली_नको

व्यक्तिगत निरोप केलाय. चिंचेचं झाड अजून आहे का? असेल तर गावातल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करू, आणि गृहचौकशीचा अर्ज. कायद्यात वाट आहे, कारकुनाला ती ठाऊक नसते.

कावेरी_कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. इतकं लिहिलंत, दोनदा वाचून काढलं.

गच्चीचं सांगते. सेक्रेटरींना मी भाडेकरूच्या नावानं नाही, माझ्या नावानं पत्र दिलं, सभासद म्हणून. दोन दिवसांत हललं. मुद्दा तोच, मुलानं मांडलेला, शब्दही जवळजवळ त्याचेच. हे मला आवडलं नाही, पण किल्ली हवी होती.

किल्लीच्या चार प्रती झाल्या. एक वॉचमनकडे, एक लिफ्टच्या पेटीत, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. किल्ली मिळाल्याची सही घ्यायला सोसायटीनं वही केलीय. काल सहज चाळली. त्यानं देवनागरीत सही केलीय, शिकतोय तो. आणि सहीपुढे सेक्रेटरींनी हिरव्या शाईत कंसात लिहिलंय, 'नाममात्र'.